चाचणीची पाठवणी, मुक्काम पनवेल

पनवेलला कोणी हौसेनं जातं का, असं मला नागपूरहून निघण्याआधी चार जणांनी विचारलं. माणसं मुंबईला जातात, गोव्याला जातात. पनवेलला गाडी थांबते, चहा प्यायचा, पाय मोकळे करायचे आणि पुढे निघायचं. मी मात्र तिथे चांगला मुक्काम ठोकून आलो, आणि आता भेटेल त्याला धरून पनवेल सांगत सुटलो आहे. बायको म्हणते, लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो त्याचंही तुम्ही एवढं कौतुक केलं नव्हतं. खरं आहे. पण महाबळेश्वरला वैरागडे मॅडम नव्हत्या.

मी नागपुरातल्या एका सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत नोकरी करतो. हुद्दा आहे तंत्रज्ञान हस्तांतरण अधिकारी. हा हुद्दा ऐकला की लोक उगाच अदबीनं बोलू लागतात, पण काम म्हणाल तर लग्न जुळवणाऱ्या मामाचं. आमचे शास्त्रज्ञ काहीतरी शोधून काढतात. ते बनवून बाजारात आणणारी कंपनी शोधायची, दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवायचं आणि मुलगी सासरी नीट पोचली की घरी यायचं. शास्त्रज्ञ म्हणजे मुलीची आई. तिच्या मते अशी मुलगी पंचक्रोशीत नाही. कंपनीवाले विचारतात, स्वयंपाक येतो का.

डॉ. कुमुद वैरागडे यांची मुलगी म्हणजे सिकलसेलची चाचणी. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. आईबाप दोघांच्या रक्तात तो दोष लपलेला असला, तर मूल आजारी निघू शकतं. गडचिरोली-चंद्रपूरकडे हे घरोघरी आहे, आणि तपासायचं तर दिवस मोडून जिल्ह्याच्या दवाखान्यात जावं लागतं. मॅडमनी बोटभर काचेची नळी तयार केली. तिच्यातल्या औषधात रक्ताचा थेंब टाकायचा. नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड असतं. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलसेल, मग तो उघड असो की लपलेला; रेघा दिसत राहिल्या तर नाही. अंगणवाडीच्या ताईलाही करता येईल इतकं सोपं.

एवढी गुणी मुलगी, पण दोन स्थळं येऊन परत गेली होती. पनवेलचं तिसरं. त्यात मॅडम महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या, आणि आमच्या संचालकांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्यांच्या जाण्याआधी चाचणी कंपनीच्या हाती गेली तर गेली. नंतर ती समजावून सांगणारं संस्थेत कोणी उरणार नाही, फाइल बंद. म्हणजे पनवेल हे शेवटचं स्थळ होतं.

पळस्पे फाटा

जानेवारीतल्या गुरुवारी सकाळी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं मॅडमना आणि मला पळस्पे फाट्यावर उतरवलं. गोव्याचा रस्ता इथून फुटतो. मी कंपनीच्या ड्रायव्हरला रोडपालीला थांबायला सांगितलं होतं, कारण आमचं गेस्ट हाउस तिथे होतं आणि नकाशात दोन्ही ठिकाणं एकमेकांना चिकटून दिसत होती. ती चिकटून नाहीत. ड्रायव्हर रोडपालीला, आम्ही पळस्प्याला, आणि दोघांच्या मधून अख्ख्या महाराष्ट्राचे ट्रक चाललेले.

नागपुरात आम्ही कुडकुडत गाडीत बसलो होतो. इथे उतरल्या उतरल्या माझ्या पाठीवरून घामाची धार लागली. मॅडमच्या अंगात जाड मरून स्वेटर होता, तो त्यांनी काढला नाही. “काढला का मला सर्दी होते,” म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर थर्माकोलचा मोठा डबा होता. त्यात बर्फ, आणि बर्फात चाचणीच्या नळ्या नि रक्ताच्या नमुन्यांच्या कुप्या.

शेजारी एक बाई टोपली घेऊन टेम्पोची वाट बघत होत्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, दंडापर्यंत बांगड्या. त्यांची नजर आमच्या डब्यावर खिळली होती. शेवटी त्यांनी विचारलंच.

“काय मावरा हाय गो त्याच्यान?”

मावरा म्हणजे मासळी हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मॅडमनाही नव्हतं. त्या आपल्या सरळ बोलून गेल्या, “रक्त आहे, बाई.”

बाईंनी टोपली उचलली आणि पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मग थोड्या वेळानं हळूच परत आल्या आणि म्हणाल्या, “कोनाचा?”

मॅडमना एवढंच पुरे होतं. ड्रायव्हर येईपर्यंत त्यांनी त्या बाईंना सिकलसेल समजावून सांगितला, आणि बाईंनी मॅडमना पापलेट शिळं कसं ओळखायचं ते. मी मध्ये बॅगांवर बसून दोन्हीकडून शिकलो. गाडी आली तेव्हा दोघी एकमेकींचे फोन नंबर घेत होत्या.

काचेच्या अलीकडे

कंपनी पनवेलजवळच्या औद्योगिक वसाहतीत. बाहेर धूळ, रसायनांचा वास आणि वडापावची गाडी. आत गेलात की एखाद्या आजारी राजपुत्राचं दालन असावं तशी स्वच्छता. तिथले गुणवत्ताप्रमुख मुकादम साहेब आमच्या स्वागताला आले. पांढरी कोरलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अत्तरासारखं. मूळचे पनवेलचेच. त्यांनी आम्हांला शेवयांची खीर खायला घातली आणि मग अतिशय गोड आवाजात सांगितलं की ते कशावरही विश्वास ठेवत नाहीत.

“मॅडम, तुमच्या हुनरबद्दल शक नाही. पण मला तसल्ली पाहिजे. आज तुम्ही करून दाखवा. मग आमची प्रणाली करेल. तिच्या हातून बरोबर आलं, तर मी सही करतो.”

प्रणाली घरत त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायची. बी.एस्सी. झालेली, जवळच्याच गावची, डोळे मोठे आणि बोलणं कमी. तिच्या हातात डबल हातमोजे आणि मॅडमच्या गाऊनच्या आत तो मरून स्वेटर, अशा दोघी आत गेल्या. मला आत प्रवेश नव्हता. मी काचेबाहेरून बघत होतो, आणि आतला आवाज छोट्या स्पीकरमधून ऐकू येत होता.

मॅडमनी नळ्या फ्रीजमधून काढल्या आणि आपल्या पद्धतीनं सुरू झाल्या. त्यांची पद्धत म्हणजे एक नळी हाताच्या मुठीत धरायची आणि बोलायचं. कुरखेड्याचं शिबिर, तिथला पाऊस, जीप कशी अडकली, सगळं. गोष्ट संपली की रक्ताचा थेंब टाकायचा. सगळ्या नळ्या बरोबर निघाल्या. आजारी नमुने गढूळ, निरोगी नमुने स्वच्छ. मुकादम साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि मला काचेबाहेर उगाच मुलीच्या मामासारखं भरून आलं.

शुक्रवारी प्रणालीनं केलं. तिनं सगळं लिहिल्याबरहुकूम केलं. नळी फ्रीजमधून काढली, स्टँडमध्ये ठेवली, सांगितलेला वेळ थांबली, थेंब टाकला. एकूण एक नळीच्या मागच्या रेघा लख्ख दिसत होत्या. आजारी नमुन्यांच्यासुद्धा.

याचा अर्थ काय होतो ते मला मुकादम साहेबांच्या चेहऱ्यावरून कळलं. चाचणी चाललीच नाही, तर चालली नाही एवढं तरी कळतं. ही चाचणी आजारी माणसाला तू ठणठणीत आहेस असं सांगत होती.

मॅडमनी तेच नमुने घेतले, तसंच बोलत बोलत केलं. बरोबर. पुन्हा प्रणाली. चूक. पुन्हा मॅडम. बरोबर. कंपनीतली माणसं कामं सोडून काचेशी गोळा झाली. कोणीतरी म्हणालं, मॅडमच्या हाताला गुण आहे. आपल्याकडे वैद्याला असतो, सुगरणीला असतो, गायी दुहणाऱ्यालाही असतो, तसा. मॅडम आधी थोड्या खुलल्या. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. पण मुकादम साहेब आतून बाहेर आले आणि माझ्याजवळ उभे राहून हळू म्हणाले, “साहेब, मला ही चाचणी गावोगाव पाठवायची आहे. मॅडमना कसं पाठवू?”

शनिवार

शनिवारी कंपनी बंद. मॅडम गेस्ट हाउसच्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. मी एकटा पनवेलच्या बाजारात भटकलो, तळ्याकाठी बसलो आणि एका खानावळीत ताजे बोंबील मागवले. आम्ही सावजी रश्श्यावर वाढलेली माणसं. ताटात तिखटाचा तवंग नसेल तर आपण उपास करतोय असं वाटतं. इथे तांदळाची मऊसूत भाकरी आणि तोंडात टाकण्याआधीच विरघळणारा मासा. काटा शोधत बसलो तर वेटर म्हणाला, “दादा, बोंबलाला काटा नाय शोधत, खाऊन टाकायचं.” मी आणखी दोन मागवले. पनवेलला विमानतळ येणार, येणार, असं शेजारच्या टेबलावर दोन जमीनमालक एकमेकांना सांगत होते. सांगण्याच्या सुरावरून हे ते बरीच वर्षं सांगत असावेत.

परत आलो तर मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मी बोंबलाचं कौतुक सुरू केलं. त्यांनी ऐकलंच नाही.

“अहेरीकडचं एक जोडपं माझ्याकडे यायचं,” त्या म्हणाल्या. “पहिलं पोरगं गेलं. दुसऱ्याला घेऊन आले. त्यालाही तेच. तो बाप मला म्हणाला, आमच्या लग्नाआधी का नाही सांगितलं कोणी? भांडत नव्हता हो. नुसतं विचारत होता. त्या दिवशी मी या नळीचं काम सुरू केलं.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “माझ्याच हातून होत असेल तर मग काय केलं मी इतकी वर्षं? माझ्यासंगं जाईल ते.”

मी बोंबलाचं कौतुक तिथेच आवरतं घेतलं. असं सहसा माझं होत नाही.

चिरनेरच्या वाटेवर

रविवारी दुपारी प्रणाली स्वतः आम्हांला न्यायला आली. त्यांच्या वाडीत पोपटी, म्हणजे मडक्यात भाजायची थंडीतली मेजवानी, होती. मॅडम नको म्हणत होत्या, पण प्रणालीनं त्यांच्या चपला दारात आणून ठेवल्या. वाटेत चिरनेर लागलं. इथला जंगल सत्याग्रह आम्ही शाळेत दोन ओळींत उरकला होता. इथे हुतात्म्यांच्या स्मारकासमोरून जाताना ड्रायव्हरनंही गाडी हळू केली आणि छातीला हात लावला.

प्रणालीचं घर म्हणजे झगझगीत टाइल्स लावलेला दुमजली बंगला, मागे मात्र शेणानं सारवलेलं अंगण आणि वालाचं शेत. तिची आई अंगणात मडकं भरत होती. आधी भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, वर ओवा आणि जाडं मीठ. मडक्याचं तोंड पाल्यानं बंद केलं, मडकं उलटं ठेवलं आणि भोवती पेंढा नि काटक्या रचून पेटवून दिलं.

मला आमचे पानगे आठवले. आम्ही विदर्भात शेतावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे पानगे भाजतो, तुपात बुडवतो आणि वांग्याच्या भाजीशी खातो. मी हे प्रणालीच्या आईला अगदी रंगवून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याच्यान कोंबरी नाय?” मी नाही म्हटलं. नंतर वाढताना त्यांनी माझ्या ताटात एक तंगडी जास्त टाकली. त्यांना आमची दया आली होती, हे उघड होतं.

पोपटी फुटली तेव्हा जो वास सुटला तो मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो की मॅडम दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. शेंगा सोलता सोलता त्यांनी प्रणालीच्या आईला विचारलं, “पोट्टी शहाणी आहे हो तुमची. दमते का?”

“दमते नाय, गारठते,” आई म्हणाली. “बगा ना, आमच्याकरं कोनाकरं सोटर नाय. इला दोन लागतान. घरशी जाताना हातान घेऊन जाते, कंपनीन घालते, सुटली की काढते. आमी इकरं घामान भिजतो नि पोरगी सोटर धुते. गावची बायका हसतान मना.”

सगळे हसले. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“प्रणाली, तुमची ती खोली थंड असते?”

“खूप, मॅडम. नवीन एसी आहे. मशीनसाठी सोळा-सतराच्या वर जाऊ देत नाहीत. तुम्हांला नाही का जाणवलं?”

मॅडमनी स्वतःच्या अंगावरच्या मरून स्वेटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “आणि मी नळी कशी धरते हो?”

“मुठीत,” मी म्हणालो. “गोष्ट संपेपर्यंत.”

“अन् तू?”

“स्टँडमध्ये,” प्रणाली म्हणाली. “हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे.”

मॅडमनी हातातली शेंग कपाळावर मारून घेतली. “अव माय! थंडीत गढूळ होतच नाही ते. गार असलं का सगळा गढूळपणा विरघळून जाते. हे मी दरवर्षी नवीन पोट्ट्यांना शिकवते, अन् मीच लिहून ठेवलं का खोलीच्या तापमानाला आणा म्हणून. नागपूरची खोली! आमच्याकडे उन्हाळ्यात खोलीत पापड भाजते!”

त्यानंतर अंगणात जे झालं त्याला मी नाच म्हणणार नाही, पण वैरागडे मॅडम उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या आणि प्रणालीच्या आईला त्यांनी मिठी मारली. आईला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी मिठी मारून घेतली आणि म्हणाल्या, “पोपटी आवारली वाटतं.” मॅडमना त्याच क्षणी कंपनीत जायचं होतं. मुकादम साहेबांना फोन लावला. ते पलीकडून शांतपणे म्हणाले, “मॅडम, कंपनीला कुलूप आहे. उद्या सकाळी. पण माझी एक शर्त आहे. तुम्ही आत जायचं नाही.”

सोमवार

शर्त योग्यच होती. मुकादम साहेबांनी नमुन्यांवर नुसते आकडे टाकले. कुठला आजारी, कुठला निरोगी, हे फक्त त्यांना माहीत. आत एक कोमट पाण्याचं भांडं ठेवलं होतं आणि त्यात थर्मामीटर. नळी किती ऊब घेऊन बाहेर काढायची ते मॅडमनी आदल्या संध्याकाळी नेमकं अंशांत लिहून दिलं होतं. बाकी सगळं प्रणालीवर.

मॅडम आधी काचेशी उभ्या राहिल्या. प्रणालीनं पहिली नळी हातात घेतली तेव्हा त्यांची बोटं आपोआप हवेत वळली, मग त्यांनी काचेवर टकटक केली, मग खुणा केल्या. मुकादम साहेब बाहेर आले आणि म्हणाले, “मॅडम, मेहेरबानी करा, कँटीनमध्ये बसा. साहेब, तुम्ही यांना धरून बसा.”

तेव्हा आम्ही कँटीनमध्ये बसलो. मॅडमनी चहा मागवला आणि प्यायल्या नाहीत. मी त्यांचाही प्यायलो. हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. टेबलावर ठेवले, मांडीवर घेतले, शेवटी स्वेटरच्या बाह्यांत खुपसून बसल्या. नवऱ्या मुलीकडच्या मंडळींनी मांडवाबाहेर बसून काय करायचं असतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. मी त्यांना बोंबलाबद्दल सांगू लागलो. या वेळी त्यांनी ऐकलं. म्हणजे मान हलवली.

प्रणाली धावतच आली. डोक्यावरची निळी टोपी तशीच, मास्क हनुवटीवर. घाईत तिचं कंपनीतलं मराठी सुटलं होतं.

“मॅडम, आलं! एक बी चुकला नाय! गढूळ ते गढूळ, साफ ते साफ!”

मागून मुकादम साहेब आले. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला. कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या या माणसानं सहीचं पेन आधीच उघडून हातात धरलं होतं, हे बघून मला गंमत वाटली.

मॅडम उठल्या नाहीत. “मी नव्हते ना आत?” त्यांनी विचारलं.

“नाय मॅडम, तुमी तर इकरं होता.”

“मुठीत नाही ना धरली कोणी?”

“कोनीच नाय. पान्यान ठेवलेली, तुमी लिवलंय तशी.”

मग त्या रडल्या. रडताना हसत होत्या, आणि मीही तेच करत होतो. कँटीनवाल्याला वाटलं, कोणीतरी गेलं. त्यानं पाणी आणून दिलं.

सह्या झाल्या. कंपनीनं फोटोवाला बोलावला होता. गढूळ झालेली एक नळी आणि काळ्या रेघांचं कार्ड मुकादम साहेबांनी मॅडमपुढे धरलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्या हातात घ्या. एक चांगला फोटो होऊ द्या.”

मॅडमनी हात बाह्यांतून बाहेर काढले, त्या नळीपर्यंत नेले आणि मागे घेतले. त्यांनी प्रणालीला खांद्याला धरून पुढे ओढलं.

“हिला द्या,” त्या म्हणाल्या. “माझ्याशिवाय होतंय ते. आता होऊ द्या.”